जो हरेल त्याच्या घरी

लोणावळ्याला गेलो होतो असं सांगितलं की समोरचा माणूस ताबडतोब विचारतो, "चिक्की आणली का?" नाही आणली. शेंगदाणे आणि गूळ आमच्या सदाशिव पेठेतही मिळतात, आणि ते एकत्र करायला घाट चढून जावं लागतं अशी माझी समजूत नाही. मी हवा खायलाही गेलो नव्हतो. धुकं बघायला फेब्रुवारीत कोणी जात नाही, आणि धबधबा हा प्रकार मला नळ उघडा राहिल्यासारखा वाटतो. मी गेलो होतो एका खेळासाठी.

मला खेळांचा नाद आहे. क्रिकेट वगैरे सगळ्या गावाला येणाऱ्या खेळांचा नव्हे. कोणाला ठाऊक नसलेले, निम्मे नियम हरवलेले, कुठल्या तरी माळ्यावर सापडणारे खेळ मी जमवतो. माझ्याकडे तंजावरकडचा चौदा खळग्यांचा लाकडी पट आहे, ब्रह्मदेशातून आलेल्या हाडाच्या सोंगट्या आहेत, चावी दिली की पत्र्याची बदकं फिरवणारा एक नेमबाजीचा डबा आहे. आमच्या घरात माणसांपेक्षा सोंगट्या जास्त, असं बायको आल्यागेल्याला सांगते आणि वर त्यांना चहाही पटाच्या पेटीवरच देते. विमा कचेरीतले आम्ही काही नादिष्ट लोक महिन्यातून एकदा जमतो. त्यात गोडबोले नावाचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याविषयी चांगलं लिहावं असा मी पुष्कळ प्रयत्न केला.

तर या गोडबोल्यांनी मागच्या बैठकीत जाहीर केलं की पुढच्या वेळी ते एक जपानी खेळ आणणार आहेत, "तुम्हा कोणाकडे असणं शक्य नाही असा." हे वाक्य ते माझ्याकडे बघून म्हणाले. त्याच आठवड्यात माझ्या मामेभावाचं, वसंताचं, लोणावळ्याहून कार्ड आलं. वसंता तिथे रेल्वेत आहे. त्याने लिहिलं होतं की वलवणला एकाकडे टीव्हीवर खेळायचा खेळ आला आहे, पडद्यावर चेंडू उडतो आणि आपण तो मारायचा. पुण्यात टीव्ही येऊन पाच वर्षं झाली, पण त्यात आपण काही करायचं असतं हे अजून कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. असा डबा मी बैठकीत मांडला असता तर गोडबोल्यांचं तोंड कसं झालं असतं, हे डोळ्यांपुढे आणत मी कचेरीत तसं बोलूनही टाकलं आणि शनिवारची गाडी पकडली.

शनिवार, लोणावळे

वसंताने स्टेशनातून बाहेर पडल्या पडल्याच मला एका हॉटेलात नेलं. "आधी हे बघ, दादा. आपल्याकडे पण आहे खेळघर." 'आपल्याकडे' या शब्दावर त्याने असा जोर दिला की हॉटेल त्याच्या वडिलांनी बांधलं असावं.

खेळघर म्हणजे मुदपाकखान्याच्या मागची खोली. तिथे एक मोठं, उतरत्या काचेचं यंत्र होतं. नाणं टाकलं की स्टीलची गोळी वर जाते, खिळ्यांवर आपटत खाली येते, आणि तळाशी दोन फळ्या असतात त्यांनी ती परत वर उडवायची. विलायतेत हा खेळ कौशल्याचा समजतात. इथे डावी फळी मेलेली होती. गोळी डावीकडून आली की ती शांतपणे पोटात जात होती आणि मुंबईचे प्रवासी ओरडून आनंद व्यक्त करत होते. हरण्याचा एवढा आनंद झालेली माणसं मी प्रथमच पाहिली. एका गृहस्थाने तर यंत्राला ढोपराने ढोसून गोळी वळवली आणि बायकोकडे अभिमानाने पाहिलं. मी मॅनेजरला म्हटलं, "डावी फळी चालत नाही."

"चालत नाही म्हणजे? लोक खेळताहेत ना!" तो म्हणाला.

रात्री वसंताच्या बायकोने पावट्याची उसळ आणि आंबेमोहोराचा भात वाढला. लोणावळ्यात मला मनापासून आवडलेली गोष्ट ती एवढीच, आणि ती कुठल्या दुकानाच्या पाटीवर लिहिलेली नव्हती. वसंताने ताटावरच मला त्या टीव्हीच्या खेळाची हकीकत सांगितली. इकडच्या एका कारखान्यात जर्मन इंजिनियर होता. तो देशी परतताना त्याने आपला लहानसा टीव्ही आणि तो खेळाचा डबा आपल्या खानसाम्याला, बबनला देऊन टाकला. बबन वलवणचा.

"विकेल का?" मी विचारलं.

"दोन हॉटेलवाले जाऊन आले. नाही म्हणाला. गावाने घेतलाय तो आता, असं म्हणाला."

गावाने घेतला म्हणजे काय, ते वसंताला सांगता येईना. मी त्याला म्हटलं, गावाने घेतलेल्या वस्तूंचं काय होतं ते मला माहीत आहे. आमच्या गल्लीने एक कॅरम घेतला होता, त्याची आता कोणाच्या तरी खिडकीला फळी लावली आहे.

रविवार, वलवण

धरणाच्या कडेने चालत वलवण जवळ आहे. मुंबईला वीज पुरवणारं एवढं मोठं पाणी उशाला घेऊन हे गाव बसलं आहे आणि गावात वीज येते ती मर्जी असेल तेव्हा. देवळाला लागून एक धर्मशाळा होती. तिच्या ओट्याच्या दगडावर वाघ-बकरीच्या खेळाच्या रेघा कोरलेल्या होत्या, बसून बसून त्या मधे गुळगुळीत झाल्या होत्या. आत शिरलो तर तीसेक माणसं सतरंजीवर बसलेली, आणि समोर पाटावर तो टीव्ही.

डबा पाहिला आणि माझी फार निराशा झाली. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या काठ्या आणि एक चौकोनी ठिपका. डब्याला वायरने दोन मुठी जोडलेल्या. मूठ पिळली की आपली काठी वर-खाली सरकते. ठिपका काठीला लागला की 'टुप्प' असा आवाज होऊन परत जातो, चुकला की समोरच्याला एक गुण. पंधरा झाले की डाव संपला. एवढंच. तंजावरच्या पटात एका खेळीमागे जेवढा विचार लागतो तेवढा या सबंध यंत्रात नव्हता. पण गोडबोले आठवले आणि हा डबा मला हवाच होता.

बबन पन्नाशीचा, अंगाने आडवा माणूस. खानसामेपणाची ऐट अजून त्याच्या हातात होती. दर चेंडूला डब्यावरचं बटण तो असं दाबी की जणू साहेबाला चहा ओततो आहे.

"पुन्याहून आलाय व्हय पावनं? बसा की. डाव खेळून जा."

"हा डबा विकणार का?"

"न्हाई. ह्यो गावाचा हाय. आज हितं, उद्या कुटं, त्याचा नेम न्हाई."

मग त्याने मला नियम सांगितला, आणि तो ऐकून मी त्या गावाची कीव केली. साऱ्या जगात जिंकणारा पुढे जातो. वलवणात जिंकला तो सुटला; उठून मागे जाऊन बसायचं. हरणारा खाली राहतो, दुसऱ्या हरणाऱ्याशी खेळतो. असं करत शेवटी जो एकटा उरतो, त्या दिवसातला सगळ्यांत वाईट खेळणारा, त्याच्या घरी तो खेळ पुढच्या रविवारपर्यंत जातो. वाघ-बकरीच्या गोट्या, सोंगट्यांचा पट, आणि आता हा टीव्ही. शिवाय आठवडाभर गाव त्याच्याच घरी खेळायला येणार आणि चहा त्याच्याच चुलीवर होणार.

"हे उलटं नाही का?" मी म्हटलं.

"उलटं काय त्यात? जितला त्याला येतंच हाय. हरला त्याला सराव पायजे का न्हाई?" बबन म्हणाला.

"आणि पाहुणा हरला तर?"

"पावन्याच्या घरी. नेम त्यो नेम. पुन्याला तर पुन्याला. पर पुढल्या रविवारी आनून द्या म्हंजे झालं."

आमची बैठक गुरुवारी होती. मी बूट काढून सतरंजीवर बसलो.

हरायला काय लागतं, असं मला वाटलं होतं. मला वाटलं ते चुकलं. आयुष्यभर जिंकायची सवय लागलेल्या माणसाचा हात त्याचं ऐकत नाही. पहिला डाव किसन नावाच्या एका धिप्पाड शेतकऱ्याशी पडला. मी मूठ न हलवता बसलो, तर तो ठिपका बरोबर माझ्या काठीवर येऊन आपटे आणि परत जाई. काठी सोडून दिली तरी लागते, हा या खेळाचा दर्जा. शेवटी मी काठी पिळून वरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि तिथे विसरलो. किसन जिंकला आणि मांडीवर थाप मारून ओरडला, "पुनं पडलं! आरं, पुनं पडलं!" सगळी धर्मशाळा हसली. मी मनात गोडबोल्यांचा चेहरा आणला आणि पुढच्या डावाला सरसावून बसलो. पुढे आणखी दोघांनी मला हरवलं. त्यातल्या एकाने मला समजावून सांगितलं की मूठ पिळली की काठी हलते. मी त्याचे आभार मानले. एवढा अपमान मी दुसऱ्या कुठल्याच खेळासाठी सोसला नसता.

शेवटी उरलो आम्ही दोघं. मी, आणि जनामावशी म्हणून एक साठीची बाई. काटक, कपाळाला मोठं कुंकू, पदर खोचलेला. सकाळपासून तिला एक चेंडू धड मारता आला नव्हता, म्हणजे माझी गाठ खऱ्या वाईट खेळणाऱ्याशी होती. या बाईपेक्षा वाईट खेळायचं म्हणजे मेहनत घ्यावी लागणार होती.

या यंत्राची एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. ज्याचा चेंडू चुकला त्याच्याच अंगावर ते पुढचा चेंडू सोडतं. डाव सुरू झाला तेव्हा पहिला चेंडू मावशीकडे गेला. तिने सोडला. पुढचाही तिच्याकडेच, तोही सोडला. बघता बघता मला सहा गुण झाले आणि मला घाम फुटला. सातवा मात्र तिच्या काठीला कडेने लागला, 'टुप्प' झालं आणि ठिपका माझ्याकडे आला.

"अगं बया!" मावशी ओरडली.

लोक हसले. मीही हसलो, आणि काठी कोपऱ्यात नेली. आता सगळे चेंडू माझ्या अंगावर येणार होते आणि मी सगळे सोडणार होतो. सोडत गेलो. मावशी आपली मूठ हातात धरून नुसती बघत होती. तिचं तोंड उतरत चाललं होतं. म्हातारीला जिंकायची धास्ती वाटते की काय, असं माझ्या मनात आलं, आणि अशा गावात तेही शक्य आहे असं मी स्वतःशीच म्हटलं. तिचे चौदा झाले. माझे सहाच. एक चेंडू सोडला की डबा पुण्याला.

बबनने बटणाकडे बोट नेलं आणि वीज गेली.

कोणी हळहळलं नाही. टीव्ही विजेवर असला तरी खेळाचा डबा सेलवर चालत होता, त्यामुळे गुण जागच्या जागी राहणार होते. माणसं विड्या काढून ओट्यावर गेली. मावशी मात्र ताडकन उठली आणि पदर सावरत वेशीकडे जवळजवळ धावतच गेली.

"यांना एवढी कसली घाई?" मी बबनला विचारलं.

"घरी गेली आसंल. आबाची कूस बदलायची येळ झाली." मग माझ्याकडे बघून त्याने आवाज उतरवला. "तिचा मालक. जांभळीवरनं पडला, दोन वर्सं झाली. कमरंखाली जीव न्हाई. ह्या ओट्यावर वाघ-बकरीला त्याच्या तोडीचा कोन नव्हता."

"मग लोक जातात का त्यांना भेटायला?"

"जात हुते की. पर आजारी मानसाला बघाया म्हनून कोन गेलं का आबा भिंतीकडं त्वांड करून पडायचा. बोलायचाच न्हाई. पट तिच्या घरी गेला, लोकं खेळाया गेली, तवा बोलाया लागला. शिव्या देतो, चुका काढतो, हसतो. म्हनून मावशी हरती." त्याने विडी झटकली. "समद्यांना ठावं हाय. कुनी बोलत न्हाई. तिच्यासमूर समदी जितत्यात."

"आणि मी मधेच आलो."

"पावन्याला कसं सांगायचं? नेम त्यो नेम," बबन म्हणाला. तो माझ्याकडे न बघता डब्याची वायर गुंडाळायला लागला.

मला राग आला, तो आधी बबनचा. हे त्याने सकाळी सांगायला हवं होतं. मग त्या गावाचा, की एखाद्याच्या घरी जाऊन बसायला यांना एवढा उलटापालटा कारभार लागतो. आमच्या पेठेत असं नाही. आमच्याकडे कोणी अंथरुणावर पडलं तर आम्ही एकदा मोसंबी घेऊन जातो, डॉक्टर कोण ते विचारतो आणि पुन्हा जात नाही. कारण लागत नाही आणि पटही लागत नाही. हे मनात आलं आणि माझा राग नेमका कोणावर आहे ते मला कळेनासं झालं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण डबा मला हवा होता, तो हवाच होता, हेही इथे लिहून ठेवतो.

वीज आली. माणसं आत आली, मावशीही आली. तिच्या कपाळावर घाम होता. पडद्यावर दोन काठ्या आणि आकडे परत उमटले. मी माझी काठी कोपऱ्यातून खाली आणली. बबनने ते पाहिलं, आणि बटण दाबलं.

दिवसभर चेंडू आपोआप काठीला लागत होते. हा एक मात्र तिरपा आला, कडेला आपटून खाली वळला. मूठ सैल झालेली, पिळली की काठी पुढे निघून जाई. मी श्वास धरून ती पिळली. 'टुप्प.' ठिपका मावशीकडे गेला आणि तिने तो सोडून दिला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे बघत होतो.

त्यानंतर सगळे चेंडू तिच्याकडेच जाणार होते. आम्ही दोघं एकमेकांविरुद्ध बसलो होतो, पण तेवढा वेळ एकाच बाजूने खेळलो. सात, आठ, नऊ. धर्मशाळेत कुजबुज सुरू झाली. सकाळपासून मातीच्या गोळ्यासारखा बसलेला पुण्याचा माणूस एकाएकी एका म्हातारीला हरवायला निघाला होता.

"पावनं, मावशी हाय ती, जरा दमानं!" मागून एकजण म्हणाला.

किसन मोठ्यांदा म्हणाला, "पुन्याची मानसं ही. एक डाव बी सोडवत न्हाई ह्यांना."

चौदाला चौदा झाले. शेवटचा चेंडू सरळ मावशीच्या काठीवर चालला होता. तिने दोन्ही हातांनी मूठ अशी पिळली की वायर ताणली गेली, आणि काठी बाजूला झाली. पडद्यावर माझ्या बाजूला पंधरा उमटले. कोणी टाळी वाजवली नाही. जिंकला तो सुटला, म्हणून मी उठलो, आणि माझ्यासाठी बसायला जागाही कोणी केली नाही. मला उत्तर द्यायचं होतं. पण जे गावात कोणी बोलत नाही, ते मी पुण्याहून येऊन का बोलावं?

किसनने टीव्ही खांद्यावर घेतला, बबनने डबा. सगळं गाव मावशीच्या घराकडे निघालं. तीच वाट स्टेशनाची होती म्हणून मीही मागून चाललो. घर बैठं, पुढे सारवलेलं अंगण. मी अंगणाबाहेर थांबलो. आतून एक खणखणीत आवाज आला.

"कोन हरलं?"

"मीच की," मावशी म्हणाली.

"आजबी? अगं, तुला काय येतंय का न्हाई? आन हिकडं ती मूठ, दावतो तुला! किसन्या, सरक की मुडद्या, दिसंना मला!"

हसण्याचा एकच गलका उठला. एवढ्या शिव्या इतक्या आनंदाने देणारा माणूस मी पाहिला नाही, आणि पाहिला नाही याचं मला वाईट वाटलं. मी निघालो तेवढ्यात मावशी बाहेर आली. तिने फडक्यात बांधलेल्या दोन तांदळाच्या भाकऱ्या आणि वर मिरचीचा ठेचा माझ्या हातात दिला.

"पुढल्या रविवारी या, भाऊ," ती म्हणाली. "पर हरायला नगा येऊ."

गुरुवार, पुणे

गोडबोल्यांनी आणलेला जपानी खेळ म्हणजे एका पेटीतून लाकडी ठोकळे सरकवायचे होते, आणि त्यातला एक ठोकळा हरवलेला होता. तरी ते खुशीत होते, कारण माझे हात रिकामे होते. "काय हो, तुम्ही लोणावळ्याहून टीव्हीचा खेळ आणणार होतात ना? काय झालं?"

"जो हरेल त्याला मिळणार होता," मी म्हटलं.

"मग?"

"मला हरता आलं नाही."

"तुमचा स्वभावच तो," गोडबोले म्हणाले, आणि सगळे हसले. मी चहा घेतला आणि त्यांच्या ठोकळ्यांच्या पेटीकडे तोंड करून बसलो. रविवारी पुन्हा जायचं आहे; वसंताला कार्ड टाकलं आहे, आणि जिंकण्याचा सराव करायला माझ्याकडे काही साधन नाही.